धाकूसाठी राखून ठेवलेला नरक

१ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे पाचला उठायचं ठरवलं होतं. पावणेआठला उठलो. गजर वाजला नाही. वाजला असं राजश्री म्हणते, पण ज्याच्यासाठी लावला त्याला ऐकू आला नाही तर तो वाजला कसा म्हणायचा?

आजपासून रोजनिशी. ही कुणासाठी नाही. मोठ्या माणसांच्या रोजनिशा त्यांच्या माघारी लोक वाचतातच, त्याला इलाज नाही.

मुख्य गोष्ट अशी. कॉलेजच्या लायब्ररीतून निवृत्त झालो तेव्हा रद्दीत काढलेल्या पुस्तकांतलं एक घरी आणलं होतं. सातशे वर्षांपूर्वीचं परदेशी काव्य, इंग्रजी भाषांतर. परवा उघडलं आणि आयुष्याचं सार्थक झालं. कवी जिवंतपणी नरकात उतरतो आणि सगळा हिंडून पाहतो. नरक खाली खाली जाणारा, वर्तुळाखाली वर्तुळ. प्रत्येक पापाला वेगळं वर्तुळ आणि शिक्षा त्या पापाला शोभेल अशी. भविष्य सांगणाऱ्यांची मुंडकी पाठीकडे फिरवलेली, कारण फार पुढचं बघत होते. याला म्हणतात न्याय! आपल्याकडच्या नरकात सरसकट तेलाच्या कढया. भजी असो की वडा, तळायचं सगळ्यांना. वर्गीकरण नाही. लायब्रेरियनला हे बघवत नाही.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्या कवीने आपल्याच गावची, ओळखीची माणसं नावानिशी नरकात टाकली आहेत. सातशे वर्षं जग वाचतंय. एकालाही अब्रुनुकसानीचा दावा लावता आला नाही.

संकल्प: असं काव्य मराठीत, रत्नागिरीच्या भूमीवर. नाव ‘नरकमंडल’. रोज वीस ओव्या. शिमग्यापर्यंत पूर्ण.

२ फेब्रुवारी, रविवार

ओव्या शून्य. पण आराखडा तयार, आणि आराखडा म्हणजे निम्मं काम.

पहिलं वर्तुळ: आमच्या बिल्डिंगमधला सुजय. गाडी मागे घेताना त्याच्या गाडीत गाणं वाजतं. हा अनंतकाळ गाडी मागे घेत राहील आणि पार्किंग सापडणार नाही.

दुसरं: गोदूबाई मासेवाली. बांगडा आजचाच आहे म्हणून शपथा घालते. तिने तोच बांगडा रोज खायचा. रोज तोच.

तिसरं: मांडवीच्या वाळूत उभं राहून ‘काका, इकडे बीच कुठंय?’ विचारणारे पर्यटक. यांना समुद्रात उभं करून प्यायला पाणी मागायला लावायचं.

राजश्रीने विचारलं, दुपारी चार वाजता झोपलेल्या बायकोला उठवून ‘चहा टाकतेस का’ म्हणणारे कितव्या वर्तुळात. मी म्हटलं, हे गंभीर काम आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

तळाचं वर्तुळ वाचलं. मला वाटलं होतं तिथे सगळ्यात मोठा जाळ असणार. तर बर्फ! विश्वासघातक्यांना गळ्यापर्यंत बर्फात रुतवलंय, आणि त्यातही सख्ख्यांचा घात करणारे वेगळे. कोकणातल्या वाचकाला हे पटवायचं कसं, हा प्रश्न होता. मग जेट्टीवर गेलो आणि सुटला. क्रेटमध्ये बर्फ घालून पापलेटं रचली होती, फक्त डोळे वर. अगदी तसंच.

ती जागा कुणाची हे मला क्षणभरही शोधावं लागलं नाही. धाकू. माझा सख्खा धाकटा भाऊ.

ही हकिकत एकदा लिहून ठेवतो म्हणजे इतिहासाला मदत होईल. आमच्या गावात शिमग्याला होळी लागली की पालखी सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या चौथऱ्यावर, बसते आणि गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने पुढे उभं राहून देवाकडे मागणं मागायचं. एकेका मागण्याला सगळ्या गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. हा मान आमच्या घराण्याचा. बाबा होते तोवर बाबा घालायचे. बाबा गेल्यानंतरच्या शिमग्याला थोरला म्हणून मी उभा राहिलो. एका अडाणी प्रथेला वळण लावावं म्हणून चार पानांचं लेखी गाऱ्हाणं नेलं होतं, शुद्ध मराठीत. पहिलं पान वाचून झालं. कुणी हूं नाही की चूं नाही. लोक विचारात पडले होते. वाराही माझ्या विरुद्ध होता. तेवढ्यात धाकू पुढे आला, माझ्या खांद्याला हात लावून मला अलगद बाजूला केलं आणि बाबांच्याच सुरात सुरू झाला. गावाने लगेच व्हय म्हाराजा! आणखी एक पान वाचू दिलं असतं तर गाव माझं झालं असतं.

तेव्हापासून मान धाकूकडे आणि मी धाकूशी अबोला धरलेला. तो बोलतो. मी उत्तर देत नाही. संकल्प असा की त्याने आधी माफी मागायची, सगळ्या गावासमोर आणि मोठ्या आवाजात.

राजश्री मात्र जावेशी, म्हणजे धाकूच्या सावित्रीशी, रोज फोनवर बोलते. याला फितुरी म्हणतात. तिच्यासाठी वर्तुळ आहे, पण घरात जेवण तीच करते म्हणून तूर्त रिकामं ठेवलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकूची शिक्षा ठरली. ज्याने दुसऱ्याचा आवाज हिसकावला त्याचा आवाज जाणार. बर्फात उभा. तोंड उघडतोय, पण शब्द नाही. समोर सगळा गाव उभा, व्हय म्हाराजा म्हणायला तयार, आणि हा नुसता जबडा हलवतोय. लिहिताना अंगावर काटा आला. ओव्या तीन झाल्या. तिन्ही धाकूवरच्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या तीन ओव्या टाकल्या. धाकूचं नाव गाळलं, सुज्ञांना कळेल. दिवसभर कुणाचंच काही नाही. संध्याकाळी अलोऱ्याचा आतेभाऊ अजिंक्य म्हणाला, हॅपी बर्थडे दादा, केकची इमोजी. त्याखाली अकरा जणांनी मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. धाकूनेही दिल्या. माझा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो, हे त्याला माहीत आहे. तरीही हार घातलेल्या गणपतीचा फोटो पाठवून लिहिलंय, दादा, तब्येतीला जप.

पालथ्या घड्यावर पाणी. या लोकांसाठी मी रूपक लिहितोय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पाच दिवस ओवी नाही. खुर्ची टोचते. संकल्प: खुर्चीला गादी.

राजश्रीने विचारलं, तुमच्या त्या पुस्तकात कुणाला माफी मिळते का. मी म्हटलं, नरकाच्या भागात नाही, एकदा गेला की गेला, हेच तर तिथलं वैशिष्ट्य. ती म्हणाली, मग तिथे देव काय करतो? शिक्षा तर शिपाईपण देतो. या बाईने बारावीनंतर पुस्तक उघडलेलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज जे घडलं ते शांतपणे लिहितो.

धाकूचा आवाज गेला.

जानेवारीपासून घसा बसला होता, असं सावित्रीने राजश्रीला सांगितलं. पोफळीच्या बागेत दिवसभर पाण्यात उभा असतो म्हणून असेल, असं वाटलं. आता इथल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं तर स्वरयंत्रावर गाठ आहे. शनिवारी ऑपरेशन. मग महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही.

मला आनंद झाला असं नाही. आश्चर्य मात्र वाटलं. ओव्या मी सहा तारखेला लिहिल्या. कवीची वाणी खरी ठरते हे ऐकून होतो, इतक्या लवकर ठरेल असं वाटलं नव्हतं.

झोप लागली नाही. डास फार झालेत.

१ मार्च, शनिवार

धाकूचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटल आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं. राजश्री सकाळपासून तिथेच. मी गेलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. हॉस्पिटलच्या समोरच्या टपरीवर चहा प्यायला मात्र गेलो, कारण तिथला चहा चांगला असतो. चार कप घेतले. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत सावित्री दिसली. तिने हात केला. मी पेपर वाचत होतो.

राजश्री संध्याकाळी आली. म्हणाली, गाठीचा तुकडा मुंबईला तपासायला पाठवलाय. रिपोर्ट येईपर्यंत काही सांगता येत नाही. मग म्हणाली, भावोजी पाटीवर लिहून बोलतात, आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, दादा येऊन गेला काय?

टपरीवरच्या चहाने पित्त झालं. जेवलो नाही.

४ मार्च, मंगळवार

केरूआबांचा फोन. गावातले सगळ्यात जुने मानकरी. म्हणाले, शिमगा तर आला तोंडावर, धाकू पडलाय मुका, गाऱ्हानं कोन घालनार? तवा धाकूनंच पाटीवर तुजं नाव लिवलंन, म्हनला दादाला सांगा. तर शिवादादा, येशील काय?

मी आढेवेढे घ्यायचे ठरवलं होतं. पण आबांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत हो म्हणून मोकळा झालो. वयस्कर माणसाला ताटकळत ठेवणं बरं नव्हे.

नाव धाकूने सुचवलं. अपराधी मन! दुसरं काय? कोंबडं कितीही झाकलं तरी उजाडायचं राहत नाही.

५ मार्च, बुधवार

‘नरकमंडल’ तूर्त बाजूला. गाऱ्हाणं हेच नरकमंडल! देवासमोर, अख्ख्या गावासमोर, पापांची वर्गवारी आणि शिक्षा. दरवर्षी गाव देवाकडे तेच ते मागतो. आंब्याला मोहर धरू दे, मुंबईतली पोरं सुखात ठेव, गुराढोरांना राख. भिकाऱ्यासारखं किती मागायचं? एकदा देवालाही कळू दे कोणाला काय द्यायचं ते. सहावं कलम मान हिसकावणाऱ्यांचं. नाव घेणार नाही. मी असभ्य नाही.

या वेळी कागद नाही. पाठ करणार.

८ मार्च, शनिवार

मांडवीच्या किनाऱ्यावर सराव. समुद्राकडे तोंड करून तिसरं कलम म्हणत होतो तर भेळवाला म्हणाला, काका, कुणाला हाक मारताय, बोट निघून गेली. पुढे बसलेलं कुत्रं मात्र शेवटपर्यंत ऐकत होतं. नंतर कळलं ते आंधळं आहे. त्याचा आणि कानांचा काही संबंध नाही.

रात्री जेवताना राजश्रीला म्हणून दाखवलं. तिने पोळी अर्धवट ठेवली. म्हणाली, यात लोकांनी व्हय म्हाराजा म्हणायचं कुठे? तुम्ही कुठे थांबतच नाही. आणि गाऱ्हाण्यात मागायचं असतं हो, देवाला सांगायचं नसतं. मग म्हणाली, शेवटचं कुठाय? चुकलं माकलं पदरात घे, हे राहिलंच की.

मी समजावून सांगितलं. नऊ कलमं शिक्षेची आणि शेवटी माफी, मग मधल्या नऊ कलमांना अर्थ काय उरला? तर्कशास्त्र आहे. ती म्हणाली, रिपोर्ट अजून आलेला नाही. याचा इथे काय संबंध?

१४ मार्च, शुक्रवार. दुपार.

विजय!

विजय विजय विजय!

क्रमाने लिहितो. सकाळी होळीचा होम पेटला. नारळ पडले. पालखी सहाणेवर आली. सगळा गाव होता. मुंबईवाले आले होते, ती पोरं टोप्या घालून. केरूआबांनी मला पुढे उभं केलं. धाकू दिसला नाही. लाजेने मागे कुठेतरी असेल.

मी सुरुवात केली. ‘हे जगन्नियंत्या, आज या पवित्र स्थळी...’ पहिलं कलम झालं. शांतता. दुसरं कलम. शांतता. एक मूल रडायला लागलं. क्षणभर, अगदी क्षणभर, तो जुना शिमगा आठवला.

आणि मग गाव उसळला. व्हय म्हाराजा!

तिथून पुढे प्रत्येक कलमाला. मी श्वास घ्यायला थांबलो की नेमकं तेव्हाच, एका आवाजात. ढोलसुद्धा वाजला. लोकांची नजर माझ्यावर खिळली होती. नीट सांगायचं तर माझ्या खांद्याच्या किंचित वर. देवाकडे पाहत असावेत.

सहावं कलम. ‘जो थोरल्याचा मान हिरावतो, त्याची वाणी तू कायमची हरण कर.’ इथे थोडा वेळ लागला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सावित्रीने पदर तोंडाला लावला, मी पाहिलं. मीही जागचा हललो नाही. आणि मग असा काही व्हय म्हाराजा झाला की माडावरचे कावळे उडाले. सगळ्या नऊ कलमांत सर्वांत मोठा. गावाने निकाल दिला! जनता जनार्दन!

माझं संपलं. मी हात जोडले. त्यानंतरही गावाने आपणहून आणखी एकदा व्हय म्हाराजा म्हटलं. माझं एकही वाक्य उरलं नव्हतं तरी. याला वन्स मोअर म्हणतात.

केरूआबांच्या पायाशी वाकलो तर त्यांनी पाठीवर हात ठेवून म्हटलं, निभावलान बरं का. मी म्हटलं, आबा, निभावलान म्हणजे ‘त्याने’ झालं, मला निभावलंत म्हणा. ते हसले नाहीत.

संकल्प: पुढच्या वर्षी अठरा कलमं.

१६ मार्च, रविवार

दिवसभर फोनजवळ बसलो, अभिनंदनाचे येतील म्हणून. एक आला, बँकेतून, क्रेडिट कार्डचा. त्यांना थोडक्यात हकिकत सांगितली.

राजश्री दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. हेवा. कलावंताच्या घरी होतंच हे.

धाकूची मुलगी सानवी नर्सिंग शिकते. तिने गाऱ्हाण्याचा व्हिडिओ काढलाय म्हणे. मागवला. गावात नेटवर्क नाही, शहरात आली की पाठवते म्हणाली. हा व्हिडिओ जपायला हवा. पुढे अभ्यासकांना लागेल.

२० मार्च, गुरुवार. सकाळी ११.

व्हिडिओ आला. आवाज खणखणीत. उजवा हात मी उंचावतो ते फार भारदस्त दिसतं. पोट कॅमेऱ्यामुळे मोठं आलंय.

११.२०

पुन्हा पाहिला. माझ्या मागे धाकू आहे.

११.३०

मागे म्हणजे अगदी मागे, सहाणेच्या पायरीवर, माझ्याहून हातभर उंच. गळ्याला मफलर. पहिल्या दोन कलमांना नुसता उभा आहे. ते मूल रडतं तेव्हा तो एकदा माझ्या पाठीकडे बघतो आणि उजवा हात वर करतो. व्हय म्हाराजा. मी पुन्हा बोलायला लागलो की हात खाली. मी श्वासाला थांबलो की हात वर. व्हय म्हाराजा.

माश्या हाकलत असेल. सहाणेजवळ नारळाच्या पाण्याने फार माश्या होतात.

१२.१०

माश्या अशा आठच वेळा, आणि नेमक्या माझ्या पूर्णविरामाला येत नाहीत.

दुपारी ४

चहा मीच टाकला.

सहावं कलम पुन्हा पाहिलं. फोन डोळ्याजवळ धरून. मी म्हणतो, त्याची वाणी कायमची हरण कर. गाव गप्प. सगळी माणसं धाकूकडे बघतायत, माझ्याकडे कुणीच नाही. त्या मुंबईच्या पोरांनी टोप्या काढल्यात. धाकूचा डावा हात मफलरवर आहे. गाठीचा रिपोर्ट तेव्हा आलेला नव्हता. अजूनही आलेला नाही. तो खाली मान घालतो, वर बघतो, आणि उजवा हात वर करतो. आधीच्या सगळ्यांपेक्षा उंच.

तरी कुणी बोलत नाही. मग तो हात हलवून जोर करतो, म्हना म्हना, असं. मग गाव म्हणतो.

संध्याकाळी ६

शेवट पाहायचा नव्हता, पाहिला. माझं संपल्यावर धाकू हात जोडतो आणि त्याचे ओठ हलतात. आवाज नाही. पण गाव त्याच्या ओठांकडे बघतो आणि एकदा व्हय म्हाराजा म्हणतो. वन्स मोअर नव्हता तो. काय म्हणतोय हे ओठांवरून कळायला नर्सिंग शिकावं लागत नाही. लहानपणापासून दर शिमग्याला बाबांच्या तोंडून तेच ऐकलंय. चुकलं माकलं पदरात घे.

राजश्रीला दाखवला. तिने तिथेच उभं राहून पाहिलेलं होतं, म्हणून दुसऱ्यांदा पाहिला नाही. दिवा लावायला गेली.

२१ मार्च, शुक्रवार

रिपोर्ट आला. गाठ साधी आहे. आवाज येईल म्हणतात.

ठीक.

दुपारी दोनदा जेवलो. राजश्री रडत होती, फोनवर सावित्रीही रडत असावी. मी बाथरूममध्ये तोंड धुवायला गेलो आणि बराच वेळ धूत बसलो. साबण डोळ्यांत गेला. साबण बदलायला हवा.

नरकमंडलाचा आराखडा काढला. तळाच्या वर्तुळात धाकूचं नाव लिहिलंय, पेनाने. खोडलं तर कागद फाटतो. मग ते पानच काढलं. आता तळच नाही. तळाशिवाय नरक उभा राहत नाही, हे कोणीही सांगेल. काव्य काही काळ स्थगित.

२२ मार्च, शनिवार

पुष्कळ विचाराअंती निर्णय घेतला आहे. उद्या गावी जाऊन धाकूला क्षमा करणार.

मी थोरला. मन मोठं करणं माझं काम. माफी त्याने मागायची असं ठरलं होतं, पण त्याला बोलायला बंदी आहे म्हणजे तांत्रिक अडचण आहे. पाटीवर लिहिलेली माफी मी स्वीकारेन. भाषण तयार केलं, एक पान. सुरुवात: ‘धाकू, बाबा गेल्यानंतरच्या शिमग्याला जे घडलं, त्याबद्दल आज मी मोठ्या अंतःकरणाने...’

राजश्रीला म्हणून दाखवलं नाही.

२३ मार्च, रविवार

पाचला उठलो. गजराच्या आधी. सकाळच्या पहिल्या एसटीने गेलो, दोघंही.

धाकू अंगणात बसला होता. पुढ्यात काजूची बोंडं, त्यातून बी पिळून वेगळी करत होता. मला बघून उठायला लागला. मी हाताने बस म्हटलं. सावित्री आणि राजश्री आत गेल्या. मी त्याच्या समोरच्या पाटावर बसलो. घसा साफ केला. कागद खिशात होता, पण पाठ होतं.

म्हटलं, धाकू, बाबा गेल्यानंतरच्या शिमग्याला.

इथे थांबलो. पुढचं वाक्य येईना. काल रात्री धडाधड येत होतं. ओठ हलवले, पण काही निघालं नाही. कोंबडी आली, बोंडाला चोच मारून गेली. धाकू माझ्या तोंडाकडे बघत होता, गावाने गाऱ्हाणेवाल्याकडे बघावं तसा. मफलर अजून गळ्याला. मला वाटलं आता पाटी घेईल आणि काहीतरी लिहील. पाटी त्याच्या मागे पायरीवरच होती. त्याने घेतली नाही.

त्याने उजवा हात वर केला. तेवढाच, सहाणेवर करत होता तेवढा.

आणि माझ्या तोंडून निघालं, व्हय म्हाराजा.

मोठ्याने निघालं असावं. दोघी जावा धावत बाहेर आल्या. धाकू हसत होता. आवाज न करता, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून, पण खांदे हलत होते. सावित्रीने विचारलं, काय झालं. मी पुढ्यातलं एक बोंड उचललं.

मग दुपारपर्यंत दोघांनी बोंडं पिळली. धाकू एका फटक्यात बी काढतो, माझ्याने दोनदा बोंड फुटलं. रस सदऱ्यावर उडाला. काजूच्या रसाचा डाग जात नाही. भाषणाचा कागद त्याच खिशात राहिलाय.